निधीचा हिशेब शिकवणाऱ्या ताईंना जाहीर पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

स्त्रिया आणि मुलींसाठी निधी उभा करायला निघालं की देणगी कशी मागावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आलेली देणगी टिकवायची कशी, हे तुम्ही समजावलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्या कार्यकर्त्यांकडून मनापासून आभार.

सर्वात मोठं ऋण सरासरीच्या नियमाचं. कायम निधीतून, म्हणजे न मोडता कायम गुंतवून ठेवलेल्या ठेवीतून, दरवर्षी चार टक्के अनुदान म्हणून वाटायचे, पण कशाचे? फक्त त्या वर्षीची शिल्लक धरली, तर ठेव समजा १२० वरून ८० वर आली की अनुदान ४.८ वरून थेट ३.२. एक तृतीयांश कपात, तीही बहुधा नेमकी अनुदान घेणाऱ्या गटांच्या अडचणीच्या वर्षी. तुम्ही शेवटच्या तीन वर्षअखेरच्या शिलकांची सरासरी धरायला लावलीत. १००, १२० आणि ८० ची सरासरी १००, म्हणून वाटप ४. चांगल्या वर्षी हात थोडा आखडता राहतो, पण वाईट वर्षी कुणाचा पगार तुटत नाही.

पगारावरून तर तुम्ही भांडलातच. शिलाई यंत्रं द्यायला देणगीदार हौसेने पुढे येतात. शिकवणारीच्या मानधनाचा विषय निघाला की गप्प होतात. मग यंत्रं धूळ खात पडतात. म्हणून देणगीच्या पावतीवर ‘संस्थेच्या गरजेनुसार खर्चासाठी’ हा पर्याय तुम्ही पहिला छापायला लावलात. मजकूर छोटाच, पण मोलाचा, कारण एकदा विशिष्ट कामासाठी म्हणून घेतलेला पैसा भाड्याला वळवता येत नाही.

स्त्रियांसाठीचे निधी जगभर आहेत: ॲमस्टरडॅमचा ‘मामा कॅश’ १९८३ चा, ‘ग्लोबल फंड फॉर विमेन’ १९८७ चा, आफ्रिकेतला महिला विकास निधी २००० चा. असे निधी वाढले खरे, पण हुरळून जायचं कारण नाही, हेही तुम्हीच दाखवलंत: इंडियाना विद्यापीठाच्या मोजणीनुसार अमेरिकेत २०१६ मध्ये एकूण देणग्यांपैकी स्त्रिया-मुलींच्या संस्थांना मिळाले जेमतेम १.६ टक्के.

तुम्ही दिलेला अनुदानाच्या अर्जाचा नमुना आता दोन पानांचा केलाय. कोणत्याही भाषेत, तोंडी सांगूनही चालतो. ऐकणारी व्यक्ती लिहून घेते आणि अर्जदाराला वाचून दाखवते. अनुदान दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता फोटोंवर नाही, खर्चाच्या पावत्यांवर मिळतो. मुलींच्या फोटोंचा रकाना काढलाय. तुमची हरकत असेल तर कळवा, पण बहुधा नसावी.

आपल्या,
निधी समितीच्या सर्वजणी