नंदूस, खिडकीच्या कॅबिनेटबद्दल

प्रिय नंदू,

चिऊने माळ्यावरून ते कॅबिनेट खाली काढलं. तेच, आपण पत्रा कापून खिडकी लावलेलं. घरात दुसऱ्या कुणाला त्याचं मोल कळणार नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. नवा कॉम्प्युटर तिला त्यातच बसवायचा आहे आणि आत दिवे हवे आहेत, जांभळा आणि फिरोजी, दोनच रंग. आप्पांनी विचारलं, "हा कॉम्प्युटर आहे की नाटकाचा सेट?" सुधा म्हणाली, दिवे लावून गणितं लवकर सुटणार का. पोरगी काही बोलली नाही, पत्र्यावरचा गंज पुसत राहिली. माझी तब्येत ठीक, गोळ्या चालू, गुडघा आहे तसाच.

मला धाकधूक एकाच गोष्टीची आहे. हौसेने आणलेलं काहीतरी पहिल्याच दिवशी जळेल आणि सगळे एका सुरात म्हणतील, "बघ, सांगत होतो." मग ती परत स्क्रूड्रायव्हर हातात धरायची नाही. वाईट याचं वाटतं की जळतं ते नेहमी टाळता येण्यासारख्या कारणाने. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर, दिव्यांचे दोन तऱ्हेचे हेडर, म्हणजे प्लग लावायच्या पिना, असतात. जुना चार पिनांचा, १२ व्होल्टचा, त्यावर अख्खी पट्टी एका वेळी एकाच रंगाची होते. नवा तीन पिनांचा, ५ व्होल्टचा, ज्याला एआरजीबी म्हणतात. त्यात चारपैकी एक जागा रिकामी असते आणि प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येतो. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लावली की ती गेलीच. प्लग नीट बसत नसेल तर थांबायचं, दाबायचं नाही, हे तिला मी दोनदा सांगितलंय. आणि प्लग लावताना पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद हवा, नुसता शटडाउन पुरत नाही, कारण बंद कॉम्प्युटरच्या बोर्डावरही स्टँडबायचे ५ व्होल्ट खेळत असतात.

आता करंट. एआरजीबी पट्टीतल्या डब्ल्यूएस२८१२ जातीच्या एका एलईडीत लाल, हिरवा, निळा असे तीन बारके दिवे असतात, प्रत्येकी २० मिलिअँपिअरपर्यंत. तिन्ही पूर्ण लावून पांढरा केला की ६०. हेडर बहुधा ३ अँपिअर देतो, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर ५० एलईडी. चिऊची यादी बघ: तीन पंखे, प्रत्येकात १२ एलईडी, शिवाय मीटरला ६० वाली अर्धा मीटर पट्टी. ३६ आणि ३० मिळून ६६, म्हणजे जवळजवळ ४ अँपिअर. तिच्या जांभळ्याला हिरवा लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कमी लागेल, पण हिशोब पांढऱ्याचाच धरायचा, कारण चालू होताना कंट्रोलर वाटेल तो रंग दाखवतो. स्प्लिटरने हे सुटत नाही. स्प्लिटर सिग्नल वाटतो, करंट वाढवत नाही, आणि सगळ्या फाट्यांवर एकच चित्र दिसतं. प्रकाश एका पंख्यातून दुसऱ्यात धावत जाण्याची सगळी मजा जाते. साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, प्लगवर चालणारा हब घ्यायचा. तिथून ५ व्होल्टवर ४.५ अँपिअरपर्यंत मिळतात, मदरबोर्डवरून फक्त सिग्नल येतो, म्हणून चित्र मात्र साध्या हबवरही बहुधा सगळीकडे एकच. शिवाय ब्राइटनेस ४० टक्क्यांवर ठेवायचा. डोळ्याला फार फरक कळत नाही, करंट मात्र निम्म्याहून खाली येतो.

पट्टीवर बाण असतो, त्याच्या दिशेनेच सिग्नल जातो. पहिला एलईडी आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेले पुढे ढकलतो. म्हणून मधला एक मेला की पुढचे सगळे अंधारात, आणि बिघाड शोधायचा तो शेवटच्या पेटलेल्या आणि पहिल्या विझलेल्याच्या मध्ये. पट्टी लांब असली की टोकाचा पांढरा पिवळट होत जातो. तांब्यात व्होल्टेज पडतं, आणि निळ्या-हिरव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात तर लाल २ व्होल्टवरही भागवतो, म्हणून आधी निळा बसतो. अर्ध्या मीटरला ही अडचण येणार नाही. पुढे तिने पट्टी वाढवली तर दुसऱ्या टोकालाही ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडायचे.

निळा बसतो म्हटल्यावर तू हसला असशील. तू निळ्यावर अडून बसला होतास, मी हिरव्यावर, आणि शेवटी ती कोल्ड कॅथोडची, ट्यूबलाइटसारखी बारीक नळी लावली तीही तुझ्याच रंगाची. ती चालवायला इन्व्हर्टरचे शेकडो व्होल्ट लागायचे, म्हणून चिऊला ती हात लावू दिली नाही, आधी काढून ठेवली. पण तुझ्या निळ्याला मी आता मान देतो. १९९३ साली जपानी शास्त्रज्ञ नाकामुरांनी झगझगीत निळा एलईडी करून दाखवला, आणि अकासाकी, अमानो यांच्याबरोबर त्यांना २०१४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. निळा नसता तर पांढरा नाही, जांभळा नाही, फिरोजी नाही. लाल-हिरव्यातच अडकलो असतो.

आणि ते दुसरं भांडण. प्रकाशाने वेग वाढत नाही, हे तुझं पालुपद. नाहीच वाढत. पण खिडकी असली की माणूस वायरी बांधतो, पंख्यावरची धूळ त्याला दिसते, एखादा पंखा थांबला तर त्याच दिवशी कळतं. आतलं बघावंसं वाटणं हीच त्या यंत्राशी ओळख होण्याची सुरुवात असते. १९९८ साली ॲपलचा अर्धपारदर्शक निळा आयमॅक आला तोवर घरोघरी जवळपास सगळे डबे बिस्किटी रंगाचे होते. लोकांना आतली हिरवी पाटी बघायची इच्छा आहे हे कुणी मनावरच घेतलं नव्हतं. आपण पत्रा कापला तोही त्याच इच्छेने. चिऊच्या मनात आता तीच इच्छा आहे आणि तिला लोक हसतात, हे मला सहन होत नाही.

म्हणून ते कॅबिनेट तिला नीट करून द्यायचं. खरं काम तिथेच आहे. मागे एकच ८० मिलिमीटरचा पंखा, पुढे जवळपास बंद तोंड. आजच्या ग्राफिक्स कार्डाची उष्णता त्यात कोंडेल. पुढच्या पत्र्यात १२० मिलिमीटरच्या पंख्यासाठी भोक पाडावं लागेल, स्क्रूच्या भोकांमध्ये १०५ मिलिमीटर अंतर. हार्डडिस्कचा पिंजरा कार्डाच्या आड येतो. त्याचे रिव्हेट ड्रिलने उडवायचे आणि लोखंडाचा कीस ब्रशने नाही, चिकटपट्टीने उचलायचा. एक कण मदरबोर्डखाली राहिला तरी शॉर्ट. पंख्याची हवा सांगाड्याच्या आडव्या दांड्या असतात त्या बाजूने बाहेर पडते. पंख्याचं देखणं तोंड खिडकीकडे यावं म्हणून लोक तो उलटा बसवतात आणि पुढचा पंखा हवा आत घेण्याऐवजी बाहेर फेकतो. तसा देखावा हवाच असेल तर उलट्या पात्यांचे पंखे मिळतात.

खिडकीचं अॅक्रिलिक चरे पडून धुरकट झालंय. नवं ३ मिलिमीटरचं घ्यायचं, वरचा कागद न काढता खाली लाकडाचा तुकडा धरून सावकाश ड्रिल करायचं, घाई केली की भोकापासून तडा जातो. आणि अल्कोहोलने पुसायचं नाही, कापलेल्या कडांना बारीक भेगा पडतात. ओलं मऊ फडकं पुरे.

आतून तिला काळा रंग हवा आहे. मी मॅट पांढरा सुचवलाय. काळा प्रकाश गिळतो आणि एलईडीचे ठिपके तेवढे उठून दिसतात. पांढऱ्यावर प्रकाश पसरतो आणि ब्राइटनेसही कमी लागतो. जस्ताच्या पत्र्यावर रंग थेट धरत नाही, सोलपटतो. ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने चमक घालवायची, एच प्राइमर, म्हणजे धातूला धरणारं अस्तर, द्यायचा, मग वीसेक सेंटिमीटरवरून तीन-चार पातळ हात. मदरबोर्डचे स्टँडऑफ, म्हणजे तो ज्यावर बसतो ते खुंट, आणि मागच्या पट्टीचा पत्रा टेपने झाकायचा, कारण रंगाखाली अर्थिंगचा संपर्क तुटतो. पंख्याची पाती मात्र रंगवू द्यायची नाहीत, वजन बिघडतं आणि पंखा घरघरतो.

पट्टी कुठे लावायची यावरून आमचं अजून चालू आहे. माझं म्हणणं, दिवा दिसता कामा नये, त्याने उजळलेली वस्तू दिसली पाहिजे. म्हणून खिडकीच्या वरच्या कडेआड, तोंड मदरबोर्डकडे. उघडी ठेवायची तर मीटरला ६० च्या पट्टीत ठिपक्यांमध्ये सुमारे १७ मिलिमीटर असतात. दुधी पट्टी एलईडींपासून निदान तेवढ्या अंतरावर धरली तर ठिपके एकमेकांत मिसळतात. पट्टीमागचा गोंद उष्णतेने सुटतो, म्हणून आधी पत्रा पुसून घ्यायचा आणि दोन्ही टोकांना क्लिप.

सॉफ्टवेअर एकच ठेवायचं. मदरबोर्डचं एक, रॅमचं दुसरं असं केलं की दोघं एकाच एसएमबसवरून, म्हणजे मदरबोर्डवरच्या निरोपाच्या वाटेवरून, रॅमशी बोलायला जातात आणि रॅमचे दिवे अडकतात. ओपनआरजीबी नावाचं एक आहे, विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डायनॅमिक लायटिंगही आहे. रात्री कॉम्प्युटर बंद असून दिवे चालू राहिले, तर बायोसमध्ये ईआरपी, म्हणजे बंद असताना वीज तोडणारी सेटिंग, चालू करायचं.

अजून एक, पॉवर सप्लायच्या वायरी. तिला जांभळ्या विणलेल्या वायरी हव्यात. एक्स्टेन्शन, म्हणजे आहे त्या वायरीला पुढे जोडायचे तुकडे, घेतल्या तर काही धोका नाही. पण सुट्या मॉड्युलर वायरी दुसऱ्या सप्लायच्या असल्या तर सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी वेगळी असू शकते, प्लग बिनबोभाट बसतो आणि डिस्क जळते. हे तू तिला फोनवर सांग. माझं ती ऐकते, पण तुझं लिहून घेते.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या डोळ्याचं काय झालं? ओमचा निकाल कळव. काकूंना नमस्कार.

ते मोठं गोल भोक पाडायचं होलसॉ तुझ्याकडेच आहे ना? असेल तर येताना घेऊन ये, आणि आर्बरमधला, म्हणजे होलसॉ धरणाऱ्या दांड्यातला, मधला ड्रिल बोथट झाला असेल तर बदलून आण. पत्रा मी तोवर आखून ठेवतो. ड्रिल मी धरणार नाही, ती धरेल. तू बाजूने पत्रा घट्ट धर, म्हणजे झालं.

तुझा,
विन्या