स्टॉकहोम मुक्काम : यजमानांच्या घरी उतरणाऱ्यांसाठी सूचना

सभासदहो, जूनमध्ये स्टॉकहोमला आपण स्थानिक कुटुंबांकडे राहणार आहोत. बूट दारातच काढायचे, हे आपल्याला सांगायला नको. पण सातचे जेवण म्हणजे सातलाच. 'निघालोच, पाच मिनिटांत' तिथे चालत नाही. कपडे धुण्याची खोली बहुधा इमारतीत सामाईक असते, पाळी आधी नोंदवावी लागते. नळाचे पाणी बिनधास्त प्या. रोख पैसे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, कार्ड हवेच. रात्री दहापर्यंत उजेड, पहाटे साडेतीनला पुन्हा सूर्य. डोळ्यांवरची पट्टी आणा.

गामला स्तान, म्हणजे स्टॉकहोमच्या जुन्या शहरातल्या दगडी गल्ल्या गुडघ्यांची परीक्षा घेतात, म्हणून त्या सकाळीच. १६२८ला बुडालेले, १९६१ला वर काढलेले वासा जहाज दुपारी निवांत पाहू.

पथ्य, शाकाहार, जिन्याची अडचण मला रविवारपर्यंत वैयक्तिक कळवा.