कोंडी फोडायची तर आधी दुचाकीस्वाराची भीती घालवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात रोजच्या जाण्यायेण्यासाठी मोटार घ्यावी की दुचाकीवरच भागवावे, हा विषय आज घरोघरी निघतो आणि बहुतेक घरांत त्याचा शेवट मोटारीच्या बाजूने होतो. ऐपत वाढली, हौस वाढली, म्हणून मोटारी वाढल्या, असे आपण धरून चालतो. माझे निरीक्षण थोडे निराळे आहे. कोथरूड, धायरी, कात्रज अशा भागांत राहून पेठांत, शिवाजीनगरला किंवा कॅम्पात कामाला जाणारी कितीतरी माणसे दुचाकी सोडतात ती हौसेने नव्हे, तर घरच्यांच्या काळजीने. ‘तू घरी येईपर्यंत जिवात जीव नसतो’ हे वाक्य ज्या घरात रोज उच्चारले जाते, त्या घरात पेट्रोलचा आणि पार्किंगचा हिशेब कोणी करत बसत नाही. कोंडीवरील आपल्या चर्चेत उड्डाणपूल असतात, मेट्रो असते, रस्तारुंदी असते. या भीतीचा मात्र कुठे उल्लेखही नसतो.

एरवी हिशेब सरळ आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात १० किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता, म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. या वेगाला मोटारीचे इंजिन कितीही दमदार असले तरी त्याचा उपयोग नाही. शिवाय खरी अडचण पोहोचल्यावर सुरू होते. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीच्या पार्किंगसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर आणि एका स्कूटरसाठी एक मीटर बाय दोन मीटर जागा धरलेली आहे. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने एका मोटारीची जागा सहा दुचाक्यांएवढी आहे. संध्याकाळच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर किंवा बाजीराव रस्त्यावर उभे राहून पाहावे. सम-विषम तारखेच्या पाट्यांखालची रांग सकाळीच भरलेली असते, एखादी मोटार जागेच्या शोधात त्याच गल्ल्यांतून पुन्हा पुन्हा फिरते, आणि शेवटी चालक ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून इंडिकेटर लावून ती दुसऱ्या रांगेत उभी करतो. तेवढ्याने मागची बस अडते आणि बसमागचा सगळा रस्ता अडतो. आत बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

मोटारीला माझा सरसकट विरोध नाही. घरात वृद्ध माणूस असेल, दवाखान्याच्या फेऱ्या असतील, रात्री उशिरा परतायचे असेल किंवा चौघांना मिळून गावाबाहेर जायचे असेल, तर मोटारच योग्य. प्रश्न आहे तो एकट्याने रोज सात-आठ किलोमीटर जाणाऱ्या धडधाकट माणसाचा. त्याच्यासाठी दुचाकी स्वस्त, सुटसुटीत आणि शहराच्याही सोयीची आहे. ज्या शहराने चेतक आणि लूना घराघरांत पोहोचवल्या, त्याला हे नव्याने सांगायला नको.

तरीही दुचाकीस्वाराची भीती खोटी आहे, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. यातल्या अतिवेगाच्या अपघातांची चर्चा होते, परंतु शहरात ताशी पंचवीस-तीसच्या वेगानेही माणूस पडतो आणि त्याची कारणे पायाखालीच असतात. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, पण ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण जुन्याच पातळीवर राहते, आणि गुळगुळीत रस्त्याच्या मधोमध चार बोटे खोल चौकोन तयार होतो. मोटारीत बसलेल्याला तो फार तर एका धक्क्याने कळतो. दुचाकीस्वार मात्र तो चुकवण्यासाठी ऐनवेळी हँडल वळवतो आणि मागून येणाऱ्या वाहनापुढे जातो. पावसात त्याच चौकोनात पाणी साचले की तो दिसतही नाही. सिमेंटचा रस्ता आणि बाजूची डांबरी पट्टी यांच्यामधली लांबट कडा तर याहून वाईट, कारण तिच्यात पुढचे चाक समांतर अडकते आणि सावरायला वेळच मिळत नाही. चौकांतील सुटलेले पेव्हर ब्लॉक, वळणावर सांडलेली खडी, पांढरे पट्टे पुसले गेलेले गतिरोधक हेही आहेच. हे दोष मोटारचालकासाठी गैरसोय आहेत आणि दुचाकीस्वारासाठी जिवाशी गाठ. महापालिकेने रस्त्याचे काम तपासताना ते मोटारीच्या काचेआडून न तपासता दुचाकीवरून तपासावे, असे मला मनापासून वाटते.

दुचाकीस्वारांचीही जबाबदारी आहे आणि ती लहान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक असताना या शहराने त्याला विरोध करण्यात धन्यता मानली, याचे मला पुणेकर म्हणून दुःख होते. ‘शहरात वेग कुठे असतो’ हा युक्तिवाद वर सांगितलेल्या चेंबरपाशी संपतो. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा लावावा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, पण शाळांच्या वेळी दारापाशी असा पट्टा क्वचितच दिसतो. विरुद्ध दिशेने येणे आणि पदपथावरून गाडी घालणे यांचे तर कोणत्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही, कारण तिथे आपल्याहून दुबळ्या पादचाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

लांबच्या अंतरासाठी मेट्रो आहे. वनाझ ते रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरी मार्गिका स्वारगेटपर्यंत पोहोचली. घरापासून स्थानकापर्यंत दुचाकी आणि पुढे मेट्रो, हा अनेकांसाठी उत्तम मार्ग ठरेल. परंतु स्थानकाखाली दुचाकी लावायला पुरेशी जागा नसेल, तर तो माणूस घरूनच वाहनाने कामावर जाणार.

म्हणून महापालिकेकडे आपल्या दैनिकाद्वारे तीन गोष्टींची मागणी करतो. डांबरीकरणाच्या प्रत्येक निविदेत चेंबरची झाकणे नव्या थराशी समपातळीत आणण्याची अट असावी आणि ती पूर्ण झाल्याखेरीज ठेकेदाराचे बिल निघू नये; दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत, झाकण खचले तर दुरुस्तीही त्याच्याच खर्चाने व्हावी. मेट्रो स्थानकांलगतच्या महापालिकेच्या जागांवर आधी दुचाकींसाठी वाहनतळ व्हावेत. आणि रस्त्यावरील पार्किंगला शुल्क लावायचे झाल्यास ते व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात असावे. यांपैकी पहिल्या मागणीसाठी नवा निधी किंवा नवे धोरण लागत नाही, तेव्हा निदान ती तरी येत्या पावसाळ्यापूर्वीच्या कामांपासून अमलात आणावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे