मगर नव्हती

सोमवार, २१ जुलै २०२५

पव्या,

दोन वर्षं पत्र नाही, तुझ्या वास्तुपूजेलाही आलो नाही. त्याच्या शिव्या आधी देऊन घे, मग पुढं वाच. मी बरा आहे, मायचे गुडघे आहेत तसेच. हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून पोराच्या वहीतली पानं फाडली.

तर गोष्ट अशी, की काल मी सुपरमॅन पाहताना झोपलो.

हासू नको बे. डुलकी नाही, चांगला घोरलो. हिंगणघाटहून एस.टी.नं नागपूरला गेलो होतो, मी आणि पोट्टा. डवरणीचा एक फेर झाला की नेतो, असा महिनाभर शब्द दिलेला. तिकिटं हिंदीतली. सुरुवात सगळी पाहिली. सुपरमॅन आयुष्यात पहिल्यांदा हरलेला, अंटार्क्टिकाच्या बर्फात येऊन पडतो, हाडं मोडलेली, कशीबशी शीळ घालतो. आणि लांबून बर्फ उडवत क्रिप्टो येतो, त्याचा कुत्रा. पाठीवर लाल कापड, पोळ्याच्या गोऱ्ह्याला झूल घालावी तसं! मी पोट्ट्याला कोपर मारला. मग तो कुत्रा मालकाला धरून बर्फातून फरफटत नेतो. एवढंच आठवते. पुढं ए.सी.ची हवा अन् मऊ खुर्ची. डोळे उघडले तर पडद्यावर नावं चढत होती. आपल्याकडं त्यातलं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं म्हणून केवढी बोंब झाली. मी पाऊण सिनेमा कापला.

कारण आहे. सोयाबीन वीतभर झालं अन् रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप लागला मागं. पाच रात्री जागलीवर होतो, बॅटरी अन् फुटका डबा घेऊन. तुझी वहिनी म्हणते, झोपणारच ना माणूस. पण पव्या, मला कारण नको आहे. बाबा आठवतात का तुला, टीव्हीसमोर? नाव यायच्या आधी मान खाली. अन् आपण दोघं त्यांच्या तोंडाला गंधाच्या मिशा काढायचो. शक्तिमान लागला की बाबा झोपलेलेच, रविवारी दुपारी, दर रविवारी. मी म्हणायचो, आपण असे नाही होणार बे. काल पोट्ट्याजवळ गंध असतं तर?

आता तू म्हणशील, सुपरमॅनच होता ना, बॅटमॅन असता तर झोपला नसता. हो, नसतो. हे भांडण मी आजही मिटवत नाही. उडता येणाऱ्याचं काय कौतुक? १९७८ च्या सिनेमात तर पृथ्वीभोवती गरगर फिरून काळच उलटा नेला गड्यानं. मेलेली बाई जिती! तसं जमत असतं तर मी २०१५ चं बोंडं धरायच्या वेळचं पाणी परत आणलं असतं. माणूस पाहिजे तो आपल्या सुपर कमांडो ध्रुवसारखा. शक्ती एक नाही, सर्कशीत वाढलेला, डोकं चालवते अन् जनावरांशी बोलते. रोह्यांसाठी मला तोच लागते.

बरं, खरी गोष्ट बसमधली.

पोट्टा गणेशपेठेपासून गप्प. बुटीबोरीपाशी म्हणाला, "बाबा, तुम्ही झोपले होते ना?"

"डोळे मिटून ऐकत होतो."

"मंग सांगा, माकडं काय करत होते?"

माकडं? कोणती माकडं? खल्लास. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पहिल्यापासून सुरू झाला. त्यातल्या व्हिलननं, लुथरनं म्हणे माकडं बसवली होती, सुपरमॅनला ऑनलाइन शिव्या घालायला. मग तो डोंगराएवढा राक्षस शहरात शिरला. पोट्ट्यानं फुटाण्याची पुडी सीटवर ठेवली, पायातली चप्पल काढून वर धरली. चप्पल म्हणजे राक्षसाचा पाय. चप्पल खाली येऊ लागली, हळूहळू, अन् दुसऱ्या हातानं झप्पकन पुडी उचलली. "खार होती बाबा! एवढी धावपळ अन् त्यानं खार वाचवली!" कंडक्टर तिकिटं सोडून दांडीला टेकला होता. जामच्या चौरस्त्यावर एक म्हातारी उतरली, ती उतरता उतरता विचारते, "मंग काय झालं रे बाबू?"

अन् मला तू दिसलास. २००४. मामाकडं नागपूरला जाऊन स्पायडरमॅनचा दुसरा भाग पाहून आलेला, नाल्याच्या पुलावर बसून सांगतोस. ती ट्रेन छातीवर रोखतो, मुखवटा गेलेला, बेशुद्ध पोराला डब्यातले लोक हातावर हात देत आत घेतात. तू सांगताना रडला होतास, नाही म्हणू नको. अन् मग ती मगर! नदीतून येणारी, डॉक्टर ऑक्टोपसला भिडणारी दोन पायांची मगर. मी दीड वर्ष त्या मगरीची वाट पाहिली. सीडी आणली, वीज दोनदा गेली, रात्री दोनला शेवट झाला. मगर नाही! महिनाभर आपण बोललो नाही. तू म्हणायचास, त्यातला एका हाताचा प्रोफेसर कॉनर्स पुढं मगरच होते. २०१२ मध्ये झाला तो, पण सिनेमा वेगळा, हिरो वेगळा, अन् तो सरडा होता. तरी तुझा मेसेज आला होता रात्री साडेबाराला: "मगर आली." नालायक.

बदलीचं काय झालं तुझ्या? ताईचा दहावीचा निकाल चांगला लागला म्हणे, तिला पेढे माझ्याकडून. वहिनींना नमस्कार. दिवाळीत या, भाकरी-ठेचा आहेच.

इथं पाऊस सुरू झाला, शाई फुटते आहे. आज परत जागल आहे. पोट्टा मागं लागला आहे, मी पण येतो, पुढचं सांगायचं राहिलं म्हणते.

तू पाहिलाच असशील. माकडांपर्यंत मी मानलं पव्या, पण ती खार मला खरी वाटत नाही. शहर पडते अन् हा खार उचलते? मोबाइलवर शोधलं तर दोन मिनिटांत कळेल. शोधलं नाही. तूही सांगू नको.

मगर मात्र नव्हती.

तुझा,
गज्या