फोटोमागे नावे लिहा, आणि काचा विकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका गल्लीत फार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची जागा रिकामी केली जात होती आणि मी योगायोगाने तिथून चालले होते. हातगाडीवर लाकडी पेट्या रचल्या होत्या, त्यांत काचेच्या निगेटिव्ह एकीवर एक ठेवलेल्या होत्या. अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, की गरम पाण्यात धुतली की काच स्वच्छ होते आणि तसबिरींना लावायला कामी येते. वरची एक काच मी उजेडाला धरली. मुंडावळ्या बांधलेला नवरा मुलगा आणि शेजारी नऊवारीतली नवरी दिसली; निगेटिव्हच ती, त्यामुळे दोघांचे केस पांढरेशुभ्र, चेहरे काळे आणि मुंडावळ्यांचे मोती काळ्या मिऱ्यांसारखे. पर्समध्ये होते तेवढे पैसे देऊन मी १४२ काचा घरी आणल्या. बाकीची गाडी माझ्या डोळ्यांसमोर निघून गेली. ते दोघे कोण, हे मला आजही माहीत नाही, कारण पेट्यांबरोबर नावांची वही नव्हती.

माझे वडील अशाच एका स्टुडिओत तीस वर्षे रिटचिंग करत असत. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जात असे, तेव्हा डार्करूमच्या लाल दिव्याखाली ट्रेमधला कोरा कागद हळूहळू करडा होत जाऊन त्यातून आधी डोळे, मग मिशा, मग कोटाची बटणे वर येताना मी अनेकदा पाहिली आहेत. फोटो पक्का करणाऱ्या हायपो या रसायनाचा तो आंबूस वास त्यांच्या शर्टाला कायम असे. दुपारी खिडकीशी तिरक्या पाटावर निगेटिव्ह लावून, टोक सुईसारखे केलेल्या पेन्सिलीने ते चेहऱ्यावरची सुरकुती किंवा डाग भरत. प्रिंटवर जे काळे दिसते, ते निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथे शिसे भरले, की प्रिंटवर ती जागा उजळते, एवढेच त्यामागचे शास्त्र. पण हात किंचित जड पडला, तर माणूस ओळखू येईनासा होतो, म्हणून एका चेहऱ्याला ते कधी कधी अर्धा दिवस लावत.

आपल्या इंदूरकरांना फोटोच्या या कलेचा अभिमान वाटावा, याला आणखी एक कारण आहे. १८३९ मध्ये पॅरिसला दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली आणि त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत ही कला आपल्या शहरात एका सरकारी नोकराच्या हाती बहराला आली. लाला दीनदयाळ रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात इमारतींच्या खर्चाचे अंदाज आणि नकाशे करण्याच्या कामावर रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो छंद म्हणून, आणि महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. त्या काळी ओल्या काचेची पद्धत प्रचलित होती: काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, तंबूतल्या अंधारात धुवायची. असा सगळा संसार बरोबर घेऊन छायाचित्रकाराला माळव्याच्या उन्हात हिंडावे लागे. पुढे दीनदयाळ हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले, ‘राजा’ झाले. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. त्यांच्या पुष्कळ चित्रांवर खालच्या बाजूला क्रमांक आणि ठिकाणाचे नाव दिसते. ते काचेवरच लिहिलेले असे, म्हणून प्रत्येक प्रतीवर उतरत असे. माझ्याकडच्या १४२ काचांत आणि त्यांच्या काचांत कलेचा फरक आहेच, पण आज मला सलतो तो त्या एका ओळीचा फरक. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि महाराणी संयोगिताबाई यांची मॅन रे या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने काढलेली छायाचित्रे कुठेही सापडली तरी ओळखली जातील. रामबागेतल्या किंवा छत्रीबागेतल्या एखाद्या कारकुनाच्या लग्नाचा फोटो ओळखायला त्याच्या घरचेच कोणी लागते.

डिजिटल फोटोविषयी माझी तक्रार नाही. पुण्याच्या नातवाचे पहिले पाऊल मी त्याच संध्याकाळी इथे बसून पाहिले, हे वडिलांच्या काळात शक्य नव्हते. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला तेवीस सेकंद लागत, आणि त्याच कंपनीला २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तंत्र बदलणारच. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून आम्ही प्रत्येक फोटोची नोंद वहीत ठेवत होतो. आज एका मुंजीचे आठशे फोटो निघतात आणि बटूच्या मांडीला मांडी लावून बसलेले आजोबा कोणाकडचे, हे कुठेही लिहिलेले नसते. शिवाय व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, की तो लहान होतो आणि फाइलमधली काढल्याची तारीख व जागा निघून जाते. माझ्या फोनमध्ये १९६१ सालच्या एका फोटोवर तो मला ज्या दिवशी मिळाला, त्या दिवसाची तारीख आहे.

याहून गंभीर गोष्ट दिवाळीत घडली. माझ्या आजीचा फोटो वडिलांनी १९५२ मध्ये स्वतः काचेवर घेतला होता. आजीच्या गालांवर देवीचे व्रण होते. गावातल्या निम्म्या चेहऱ्यांवर पेन्सिल फिरवणाऱ्या माझ्या वडिलांनी आईच्या काचेवर मात्र एक रेघही ओढली नाही. घरातल्या मुलांनी मोठ्या प्रेमाने तो फोटो एका अॅपमधून ‘दुरुस्त’ करून, रंगवून मला भेट दिला. व्रण गेले होते, नाक सरळ झाले होते, आणि आजीने आयुष्यात कधी नेसले नसेल असे गुलाबी लुगडे तिच्या अंगावर होते. मुलांना मी रागावले नाही, पण दोन दिवस मला ते चित्र पाहवले नाही. पेन्सिल चुकली तर ती पुसता येत होती आणि खालची काच तशीच राहत होती. इथे नातेवाइकांच्या गटात मूळ फोटो कोणाकडेच नाही आणि गुलाबी लुगड्यातली बाई बावीस घरांत पोचली आहे. पणतवंडे तिलाच आजी समजतील.

म्हणून इंदूरच्या मराठी घरांना माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या निगेटिव्ह आणि काचा अटाल्यात देऊ नका. काच कडेने धरा, तिच्या मंद, म्हणजे चित्राचा थर असलेल्या बाजूला ओले फडके लावू नका, कागदी पाकिटात घालून उभी ठेवा आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या माळ्यावर टाकू नका. टॅबलेटचा पांढरा पडदा लावून त्याच्यापासून दोन बोटे उंच निगेटिव्ह धरली आणि फोनने फोटो घेऊन त्याचे रंग उलटे केले, तर घरबसल्या चांगली प्रत मिळते. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता नावे लिहा: डावीकडून कोण, माहेरचे नाव काय, साल कोणते. आजीला, मोठ्या काकूंना शेजारी बसवूनच हे काम करा, आणि याच सुटीत करा.

आपल्या वृत्तपत्राने रविवारच्या अंकात एक चौकोन यासाठी द्यावा, दर आठवड्याला एक अनोळखी जुना फोटो छापावा आणि वाचकांना ओळख विचारावी, असे मी सुचवते. सुरुवात त्या मुंडावळ्यांच्या जोडप्यापासून करता येईल. मी त्या काचेची प्रत काढली आहे आणि ती या पत्रासोबत जोडत आहे. नवरीच्या हनुवटीवर डावीकडे तीळ आहे, मागच्या पडद्यावर रंगवलेला जिना आहे, आणि नवऱ्या मुलाच्या उजव्या हाताला अर्धे बोट नाही. एवढ्या खुणांवरून कोणाला तरी आपले आजोबा नक्की ओळखू येतील. काच त्यांची आहे, त्यांनी ती घेऊन जावी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
स्नेहलतागंज, इंदूर