भोगीला ये, पण उजेडात

मंगळवार पेठ, कोल्हापूर
6 जानेवारी 2026

चि. राजू यास अनेक आशीर्वाद.

फोनवर मी काही बोलायला लागलो की तू 'हो हो' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे कागदावर. ताई म्हणाली, व्हॉट्सअॅपवर टाका की बाबा. पण तिथं तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस.

रविवारी रात्री जेवून तू मोटारसायकल बाहेर काढलीस तेव्हा दारात जे झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. त्यावर मला काही लिहायचं नाही. तू पुण्याला सुखरूप पोचलास, विषय संपला. पण जाताना आईला सांगून गेलास, की पुढच्या सोमवारी काम आटोपलं की रात्रीच निघतो आणि भोगीच्या आंघोळीला दारात हजर होतो. ती तेव्हापासून खुशीत आहे. लक्ष्मीपुरीतून राळे आणलेत, तीळ निवडून भाजून झालेत. वरणा आणि सोलाणे आदल्या दिवशी कपिलतीर्थातून ताजेच आणायचे, वांगी बिनकाट्याचीच पाहिजेत, हे मला रोज ऐकवलं जातंय. गूळ पिवळाधमक दिसला की ती दुकानदाराकडं अशी बघते, की तो आपणहून आतला काळपट रवा, म्हणजे ढेप, काढून देतो.

मी मात्र त्या रात्रीच्या निघण्यावरच अडकलोय. रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांचं तुला मी सांगितलं तर तू म्हणालास, 'बाबा, माझ्या गाडीचा लाईट चांगला आहे.' लाईट चांगला असेल. पण हयात मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली, तेव्हा या बाबतीत माझं ऐकायला हरकत नसावी. भरलेली ट्रॉली निदान डोंगरासारखी दिसते तरी. तिच्या मागच्या दिव्यावर उसाचे वाढे, शेंड्याचा पाला, लोंबत असतात, लाल पट्टी चिखलानं भरलेली असते, तरी काहीतरी आडवं आहे एवढं कळतं. खरी भीती रिकाम्या ट्रॉलीची. काट्यावरून सुटली की ड्रायव्हरला पुढची खेप दिसत असते, दोन-दोन रात्रींची झोप डोळ्यांवर असते, टेपचा आवाज आभाळाला भिडलेला. मागं नुसता लोखंडाचा सांगाडा, काळोखात काळा. आणि पंक्चर झाली तर रस्त्यातच उभी करून चाकाला दगड लावतात. चाक बदललं की ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. मी स्वतः हातानं पट्ट्या चिकटवल्यात. महिनाभरात अर्ध्या निघून जातात.

त्यात कराडपासून पुढं सहापदरीचं काम. रस्ता कुठं सेवारस्त्यावर वळवलाय हे गेल्या खेपेला होतं तसं पुढच्या खेपेला नसतं. पहाटे वारणेच्या पुलापासून शिरोलीपर्यंत धुकं. तू ज्या वेळेला तिथं येणार म्हणतोस, नेमकी तीच वेळ वाईट.

झालं, लेक्चर सुरू झालं. राग मानू नकोस. तू सत्तावीस वर्षांचा आहेस आणि तुझ्या हाताखाली आता माणसं आहेत, हे मला माहीत आहे. गाडी तू कर्ज न काढता घेतलीस हेही कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सांगितलं. सुट्टीत तू दहा-दहापर्यंत झोपायचास तेव्हा सकाळी कोण पुसत होतं ती? आई हसायची. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या तोलल्या, आता दारात पोराची उभी आहे, तर फडकं मारू नये का माणसानं?

तुझ्या धाकट्या काकाचं मी काढणार नव्हतो.

तो तुला एम-एटीच्या पुढं उभा करून मामाच्या गुऱ्हाळावर न्यायचा, आठवतं का? हीच थंडी. तू माकडटोपीत आणि वरून आजीची शाल, नुसते डोळे दिसायचे. काहिलीत रस उकळायला लागला, भेंडीचं पाणी टाकून मळी वर आली की गुळव्या ती काढायचा, आणि तुझं एकच, 'काकवी कधी?' एकदा दम न धरता बोट घातलंस वाटीत. पोळलेलं बोट तोंडात घालून रडत होतास आणि रडता रडता चाटत होतास. काका हसून हसून चुलवाणापाशी बसला. मामानं गुऱ्हाळ बंद केलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माणसं मिळेनात, दर मिळेना, ऊस सरळ कारखान्याला जायला लागला. पण भोगीचा गूळ म्हटलं की आई अजून तिथल्या रव्याचंच नाव काढते.

आणि मी रातपाळी करून यायचो तेव्हा सायकलला दोन ऊस बांधलेले असायचे. तू उंबऱ्यावर बसलेला. आजी ओरडायची, भोगीची आंघोळ केल्याशिवाय पोरानं ऊस दातात धरायचा नाही. पाण्यात तीळ टाकलेले, तू ते अंगाला चिकटलेले तीळ मोजत बसायचास. हे सगळं मला भाजीची तयारी बघितली की आठवतं. काका गेला ती जानेवारीतली रात्रही आठवते. ती रिकामी ट्रॉली कुठल्या काट्यावरून सुटली होती हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

काकूनं तेव्हापासून सुगडं पुजली नाहीत, तुला माहीत आहेच. संक्रांतीच्या दिवशी ती आतल्या खोलीत तीळ कुटत बसते, बायका ओसरीत वाण लुटतात. यंदा आईनं ठरवलंय, रथसप्तमीला, म्हणजे 25 तारखेला, हळदीकुंकू घरात करायचं आणि पहिलं बोट काकूच्या कपाळाला लावायचं. काकू म्हणाली, 'मी कशाला येतो तिथं, लोक काय म्हणतील.' आई म्हणाली, लोकांना मी बघतो. तिचा हा आवाज तुला ठाऊक आहे, त्यापुढं कुणी काही बोलत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 सालीच विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला, ग्रामपंचायतीनं. खेडं ते, आणि आम्ही पेठेत राहून अजून कुजबुजतोय. मला आईचं पटलं. शेजारच्या आत्याबाई तोंड फिरवतील, फिरवू देत.

मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की काकू रविवारी रात्री झोपली नव्हती. तुझा 'पोचलो' म्हणून फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. रात्री दोनला. ती तुला कधी बोलायची नाही, म्हणून मी लिहितोय. म्हणजे मला स्वतःला काही काळजी नाही असं नाही.

आता उपाय. महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पुण्यात येते आणि सकाळी सात-साडेसातला इथं शाहू टर्मिनसला सोडते. झोपून ये. आंघोळीचं पाणी तापलेलं असेल. ताई म्हणते, सणाचं आरक्षण मिळायचं नाही. मग एसटी आहे. तीही नको, गाडीच पाहिजे असं असेल तर मंगळवारी सकाळी उजाडल्यावर नीघ. रमतगमत दुपारी पोच. भोगीची भाजी दुपारी तीनला खाल्ली म्हणून कुणी रोगी झालेलं माझ्या ऐकण्यात नाही, आम्ही सगळे तोवर थांबू. आजी असती तर तिला हे चाललं नसतं, पण आजी नाही. आणि रजा मिळतच नसेल तर संक्रांत सोड. 31 जानेवारीला किरणोत्सव सुरू होतोय, पहिल्या दिवशी किरणं अंबाबाईच्या पायांवर येतात, शनिवार आहे, तुला सुट्टीच. तेव्हा ये. गुळपोळ्या आई डब्यात ठेवेल, त्या टिकतात.

हेल्मेटचा पट्टा तू लावत नाहीस. नुसतं डोक्यावर ठेवतोस. रविवारी वळणावर मी बघितलं. बस्स, आता नाही बोलत.

तुझ्या खोलीवर थंडी फार असेल तर इथली गोधडी घेऊन जा, जाताना न्यायची राहिली. त्या नव्या साहेबांचा त्रास कमी झाला का ते कळव. आणि ताईच्या धाकट्याला तू पतंग आणायचं कबूल केलंयस, तो रोज विचारतोय, मामा कशावरून येणार? मी त्याला रेल्वे म्हणून सांगितलंय.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, रात्री गाडीवरून आलास तर तिळगूळ मिळणार नाही. हे तिनं लिहायला लावलंय, मी नाही. तिकीट काढलंस की फोटो ताईच्या फोनवर टाक, काकूलाही दाखवतो.