प्रतिकृतीचा भाव अस्सल गाडीवरून ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या धाटणीच्या उघड्या स्पोर्ट्स गाड्या गोव्यात विकायला येतात, तेव्हा जाहिरातीत ‘क्लासिक’, ‘व्हिंटेज’, ‘१९५७ मॉडेल’ असे शब्द सर्रास असतात. गाडी मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच गाडीच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, फायबरची बॉडी बसवून तयार केलेली असते. प्रतिकृती बांधणे यात काहीच कमीपणा नाही. चांगल्या मेस्त्रीच्या हातची प्रतिकृती हे कौशल्याचे काम आहे आणि त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण तिचा भाव अस्सल गाडीच्या लिलावातल्या आकड्यावरून काढला जातो आणि कागदांबद्दल मोघम बोलले जाते, हे थांबायला हवे. म्हणून हे पत्र.

सर्वांत जास्त नक्कल होते ती पोर्शे ३५६ स्पीडस्टरची. ती १९५४ ते १९५८ या काळात बनली आणि अमेरिकेत सुरुवातीला २,९९५ डॉलरना विकली गेली. आज अस्सल गाडी लाखो डॉलरना जाते. नक्कल सोपी पडते, कारण पोर्शेचा जन्मच फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रणेतून झाला. दोन्ही गाड्यांचे इंजिन मागे, हवेने थंड होणारे, चार सिलिंडरचे. मात्र बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २४०० मिमी आणि ३५६ चा २१००. म्हणजे बीटलची चॅसी मधून ३०० मिमी कापून पुन्हा जोडावी लागते. गाडीचा बरेवाईटपणा इथेच ठरतो.

बीटलच्या चॅसीच्या मधोमध जो बोगदा असतो, त्यातून गिअरचा रॉड, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि हँडब्रेकच्या केबलींच्या नळ्या आणि पेट्रोलची नळी जाते. पत्रा कापताना हे सगळे तितकेच आखूड करून पुन्हा एका रेषेत आणावे लागते. दोन तुकडे जोडताना क्लचची नळी जरा तिरकी बसली, तर केबल आत घासत राहते आणि वारंवार तुटते. गिअर रॉड बरोबर जुळला नाही, तर दुसरा आणि रिव्हर्स गिअर अडखळतात. चॅसी चौकटीत आहे की नाही हे कर्णरेषा मोजून कळते: पुढच्या डाव्या बाजूपासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. दोन मापांत पाच-सात मिमीचा फरक आला, तरी गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत राहते आणि कितीही अलाइनमेंट केली तरी ते पूर्ण जात नाही.

दुसरी गोष्ट ताठरपणाची. मूळ बीटलमध्ये लोखंडी बॉडी आणि दोन्ही कडेचे हीटर चॅनल (दाराखालचे पोकळ पत्रे) मिळून गाडी ताठ ठेवतात. बॉडी काढली की तो आधार गेला. फायबरची बॉडी तो देऊ शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करावी लागते. ती आहे का, हे पाहायला गाडीखाली झोपायची गरज नाही. मागचे एक चाक जॅकवर उचला आणि त्या बाजूचे दार उघडझाप करून पाहा. दार घासू लागले किंवा वरची फट रुंदावली, तर खाली आधार कमी आहे.

आता कागद. खरेदीदाराने बरोबर मापाची पट्टी न्यावी. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) व्हीलबेस, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन आणि इंजिनची घनक्षमता यांच्या नोंदी असतात. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. कागदावर २४०० आणि गाडीवर २१०० आले, तर चॅसी कापलेली आहे आणि ते नोंदवलेले नाही. आसनसंख्या चार-पाच आणि गाडीत सीट दोनच, तर तेच. वजनाची शंका वजनकाट्यावर फिटते. बीटलचा चॅसी नंबर मागच्या सीटखाली बोगद्यावर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर जनरेटरच्या स्टँडखाली क्रँककेसवर. १९६५ मॉडेलपासून पुढच्या नऊ आकडी नंबरात पहिले दोन आकडे ११ म्हणजे बीटल आणि तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा. तेव्हा ११८ ने सुरू होणारा नंबर १९६८ मॉडेलचा. ती गाडी ‘१९५७ ची’ म्हणून कोणी दाखवत असेल, तर बोलणे तिथेच थांबवावे. नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा वेगळा कापून वेल्ड केलेला दिसला, तर त्या गाडीला हातच लावू नये.

अस्सल ३५६ ओळखणेही फार अवघड नाही. तिच्या दारांवर, पुढच्या आणि मागच्या झाकणांवर बॉडी नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. १६०० चे इंजिन ८२.५ बाय ७४ मिमीचे (सिलिंडरचा व्यास बाय पिस्टनची धाव), म्हणजे १५८२ सीसी. बीटलचे १६०० चे इंजिन ८५.५ बाय ६९ मिमीचे, १५८४ सीसी. आरसीवर १५८४ लिहिलेले असेल आणि बॉनेटवर पोर्शेचा बिल्ला असेल, तर तो बिल्ला नंतर लावलेला. पत्रा आहे की फायबर हे पाहायचा चुंबकाचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो सगळीकडे चालत नाही. स्पीडस्टर मूळची पोलादी असल्याने तिथे तो कामाचा. एसी कोब्रासारखी स्पोर्ट्स गाडी मुळातच अ‍ॅल्युमिनियमची आहे. चुंबक अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि फायबरलाही नाही. तिथे चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूने, रंग नसलेल्या जागी हात फिरवा. फायबरचे तंतू हाताला लगेच लागतात.

कायद्याची बाजू बहुतेक जाहिरातींत झाकली जाते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ वर्णनापेक्षा वेगळा असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘व्हिंटेज नंबर घेऊन टाकू’ हे उत्तरही खरे नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदीप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली ठरत नाही. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर. ती गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालत नाही. म्हणजे लग्नाच्या वरातीला पैसे घेऊन देण्यासाठी व्हिंटेज नंबर उपयोगाचा नाही आणि खासगी नंबरही नाही.

आता या सगळ्यातून निघणारी, मनाला लागणारी गोष्ट. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात आयात मोकळी होती, त्यामुळे गोव्यात युरोपातल्या गाड्या उर्वरित भारताच्या मानाने सहज आल्या. त्यांतली एखादी बीटल मूळ रूपात राखली तर आज व्हिंटेज नोंदणीला पात्र ठरते. तिची चॅसी कापली त्या दिवशी तो हक्क कायमचा गेला. ३०० मिमीचा तुकडा परत जोडून मूळ चॅसी होत नाही. चांगली, सरळ, गंज नसलेली बीटल या कामासाठी कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बॉडी सडलेली पण चॅसीचे कागद शाबूत अशी गाडी घ्या आणि कापण्याआधी आरटीओकडे लेखी विचारा. कापल्यावर विचारून उपयोग नाही.

किमतीचा हिशेब असा मांडावा. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, दर ज्याचे त्याने तपासावेत. मूळ बीटल ४ लाख. बॉडी, काच आणि चौकट ३ लाख. इंजिन आणि गिअरबॉक्स अडीच. ब्रेक, सस्पेन्शन, टायर दीड. रंग, क्रोम, सीट आणि छत अडीच. मजुरी ५०० तास, ४०० रुपये तासाने, २ लाख. एकूण साडेपंधरा लाख. विकणारा ३५ मागत असेल, तर वरच्या साडेएकोणीस लाखांत काय आहे ते त्याने बिलांनिशी दाखवावे. ‘अस्सल गाडी कोटींत जाते, ही तिच्या दहा टक्क्यांत देतोय’ हे कारण नव्हे. अस्सल गाडीचा भाव तिच्या नंबरांचा, कागदांचा आणि मोजक्या संख्येचा असतो. पहिली कोब्रा (चॅसी नंबर सीएसएक्स २०००) २०१६ मध्ये १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली, ती त्या एकाच चॅसीसाठी. त्यातला एक रुपयाही प्रतिकृतीकडे येत नाही. आणि आरसी जुळत नसेल, तर इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि बॉडी यांची सुटी किंमत जोडावी. त्यापुढे आम्ही तरी एक पैसा देणार नाही, कारण अपघात झाला तर न कळवलेल्या फेरफाराचे कारण देऊन विमा कंपनी दावा अडवू शकते.

आपल्या हवेत फायबरचा प्रश्न वेगळाच आहे. होड्यांमुळे फायबरचे हात गोव्यात आहेत, तरी गाडीचा पृष्ठभाग आरशासारखा लागतो आणि तिथे घाई दिसते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना काचतंतूंची मॅट ओलावा धरते, तिला घट्ट करणारे रेझिन पूर्ण पिकत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत रंगाखाली फोड येतात. रेझिन पिकवणारा हार्डनर साधारण १ ते २ टक्के. उन्हाळ्यात जास्त पडला तर रेझिन तापून तडकते. बॉडी पिकण्याआधी रंगवली, तर पुढे मॅटचे तंतू रंगातून उमटतात. तिरक्या उन्हात दाराकडे पाहिले की कळते. नाण्याने हलके ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी भद्द.

फायबर वीज वाहून नेत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि पेट्रोलच्या काट्याला अर्थची वेगळी वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते. दिवे मंद, इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा लुकलुकतो, ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते. सीटबेल्टचे बोल्ट फायबरला वॉशर लावून आवळलेले असतील, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. बेल्ट लोखंडी चौकटीला, मागे जाड प्लेट देऊनच बसायला हवा.

इंजिन तापणे हा चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढताना हमखास कळणारा दोष. बीटलचा पंखा इंजिनच्या वरून थंड हवा घेतो आणि गरम हवा खाली सोडतो. दोन्ही वेगळ्या राहाव्यात म्हणून इंजिनभोवती पत्रे आणि कडेला रबराची पट्टी असते. प्रतिकृतीत ही पट्टी बॉडीला नीट भिडत नाही, गरम हवाच पुन्हा वर ओढली जाते. सर्वांत आधी तिसरा सिलिंडर मार खातो, कारण जुन्या इंजिनांत ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेत असतो. थंड इंजिनवर व्हॉल्व्हचे अंतर ०.१५ मिमी ठेवतात. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे अंतर दर वेळी कमी झालेले सापडले, तर तो व्हॉल्व्ह तुटण्याच्या वाटेवर आहे.

बॉडी हलकी झाल्याने मागची बाजू वर उठते आणि स्विंग अ‍ॅक्सलची (गिअरबॉक्सपाशी वरखाली झुलणाऱ्या अ‍ॅक्सलची) चाके वरून बाहेर फाकतात. जोरात वळण घेतले तर चाक आत दुमडू शकते. उपाय टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) फिरवण्याचा. त्याला आत ४० आणि बाहेर ४४ दाते असतात. आत एक दाता एका दिशेला आणि बाहेर एक उलट फिरवला की जेमतेम ५० कला, म्हणजे अंशाहून कमी बदल होतो. इतके बारीक काम करणारा मेस्त्री मिळाला, तर त्याला मजुरीत घासाघीस करू नये.

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर कापून केलेल्या गाड्यांबद्दल एवढेच, की त्यांना वेगळी चॅसीच नसते. बॉडी हीच चौकट. वरचा भाग कापला की नंबराच्या पत्र्याशिवाय मूळ गाडीचे फारसे काही उरत नाही. जिप्सीला शिडीची चॅसी असते, पण बसण्याची उंची स्पोर्ट्स गाडीची होत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. छोट्या जाहिरातींत अशी गाडी घेताना चार गोष्टी छापण्याची अट घालावी: ‘प्रतिकृती’ हा शब्द, चॅसी मूळ कोणत्या गाडीची, आरसीवरील मॉडेल वर्ष आणि व्हीलबेस बदलला आहे की नाही. दोन ओळी जास्त लागतील. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळायला हवा. तेव्हा हे छापलेले वर्णन फसलेल्या खरेदीदाराला पुरावा म्हणून वापरता येईल.

आपला,
जुन्या गाड्यांचे काम करणारा एक वाचक,
फोंडा, गोवा